गृहीतक क्रमांक चार

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ‘पारख’चं उत्तर आलं. प्राध्यापक हेमलता देवतळे यांनी ते तीन वेळा वाचलं. उत्तर एका शब्दाचं होतं: असिद्ध. त्याखाली एक्केचाळीस पायऱ्यांची यादी होती.

आदल्या दिवशी काम यंत्राकडे सोपवताना त्यांना कसलीच धाकधूक नव्हती. पुढच्या आठवड्यात त्या निवृत्त होणार होत्या. समारंभाच्या पत्रिकेत ‘राखणची सिद्धता आता यंत्रानेही मान्य केली’ असं एक वाक्य घालायचं, असं संस्थेचे संचालक डॉ. पिंपळापुरे यांच्याशी बोलणंही झालं होतं.

‘राखण’ हे हेमलताबाईंच्या आयुष्याचं काम. सगळं मिळून दोन हजार ओळींचा एक छोटासा प्रोग्रॅम. डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त ओढणारा पंप असतो, पाणी कोमट ठेवणारा हीटर असतो, हवेचा बुडबुडा पकडणारा डोळा असतो. यातल्या प्रत्येकाने दर दोन सेकंदांनी राखणला ‘मी ठीक आहे’ असं कळवायचं. कुणाचा निरोप वेळेत आला नाही, तर राखणने भोंगा वाजवून पंप थांबवायचा. बस, एवढंच काम. पण ते एकदाही चुकून चालणार नाही.

प्रोग्रॅम बरोबर आहे हे दोन रीतींनी दाखवता येतं. एक म्हणजे चाचणी. लाखो वेळा चालवून बघायचा. पण लाख वेळा बरोबर चाललेला प्रोग्रॅम लाख-एकाव्या वेळेला दगा देणार नाही याची हमी चाचणी देत नाही. दुसरी रीत सिद्धतेची. भूमितीत प्रमेय सिद्ध करतात तसंच इथेही कागदावर दाखवून द्यायचं, की काहीही घडलं तरी हा प्रोग्रॅम चुकू शकत नाही. हेमलताबाईंनी चोवीस वर्षांपूर्वी राखण अशी सिद्ध केली होती. त्यासाठी सहा वर्षं घातली होती. त्या सिद्धतेच्या जोरावर राखण राज्यातल्या अकरा हजार मशीनांमध्ये बसली.

पण प्रमेयाला गृहीतकं लागतात. राखणच्या सिद्धतेला नऊ होती. आजवरची तपासणारी यंत्रं गृहीतकं खरी मानून पुढचं गणित तपासायची. ‘पारख’चं वेगळेपण असं, की ती गृहीतकांनाच हात घालायची. नुसता प्रोग्रॅम नाही, तर तो ज्या चिपवर चालतो ती चिप, तिची वीज, तिची बॅटरी, तिला जोडलेलं नेटवर्क, या सगळ्यांचं मिळून एकच चित्र उभं करून ती प्रोग्रॅम जिथे अडखळेल अशी वाट शोधायची. आणि वाट सापडली की पायरीपायरीने दाखवून द्यायची.

हेमलताबाईंच्या बाबतीत तिने चौथ्या गृहीतकावर बोट ठेवलं होतं: *घड्याळ कधीही मागे जात नाही.*

लिहिलं तेव्हा ते खरंच होतं. मशीनमधलं घड्याळ आपलं आपण चालायचं. नंतर सगळी मशीनं नेटवर्कला जोडली गेली आणि घड्याळाची वेळ बाहेरून दुरुस्त होऊ लागली. समजा वीज गेली आणि परत येताना घड्याळ भलतंच पुढे गेलं. त्याच घटकेला राखणने पुढची मुदत ठरवली. मग नेटवर्कने घड्याळ वीस मिनिटं मागे आणलं. आता राखणच्या हिशेबी मुदत यायला अजून वीस मिनिटं आहेत. तेवढा वेळ हीटर बंद पडला, हवा शिरली, काहीही झालं तरी राखण निवांत वाट बघत बसणार. आणि कुणी मुद्दाम खोटी वेळ पाठवून घड्याळ एक वर्ष मागे नेलं तर? वर्षभर.

हेमलताबाईंनी अहवाल मिटून ठेवला. दोष सापडला म्हणून नाही. हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं म्हणून.

“मॅडम, उद्या ही मशीनं जोडली गेली, तर घड्याळ मागे जाऊ शकेल.” तेरा वर्षांपूर्वी, याच खोलीत, समोरच्या खुर्चीवर बसून त्यांचा विद्यार्थी सुमेध ढोक म्हणाला होता. प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण त्याने त्यावर लिहिलं होतं.

“असं प्रत्यक्षात होत नसतं,” त्या म्हणाल्या होत्या. “हे प्रकरण काढून टाक.”

त्याने काढलं नाही. त्यांनी सही केली नाही. चार महिन्यांनी तो संस्था सोडून गेला.

*

संचालकांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पिंपळापुरे वाईट माणूस नव्हते. घाबरट होते.

“हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“तुम्हाला आणि मला.”

“मग समारंभ होऊ द्या. नंतर बघू.”

“सर, ‘पारख’ सध्या तीस संस्थांकडे आहे. एक डिसेंबरला ती सगळ्यांसाठी खुली होणार आहे. मला जे सापडलं ते ज्याला शोधायचंय, त्याला एक रात्र पुरेल. आपल्या हातात आठ दिवस आहेत.”

“कंपनीला कळवलंत?”

“तासाभरापूर्वी. दुरुस्ती अवघड नाही, बाहेरून दुरुस्त होणारं घड्याळ बघण्याऐवजी राखणने स्वतःचे ठोके मोजायचे. पण अकरा हजार मशीनांत ती घालायला त्यांना महिना हवाय.”

“बरं, निवेदनात एवढंच लिहा, की बदललेल्या परिस्थितीमुळे एक त्रुटी उद्भवली. त्या मुलाचं वगैरे नाव कशाला? त्याचं ते प्रकरण कुठे नोंदलेलंही नाही.”

“नाही ना, म्हणून तर,” हेमलताबाई म्हणाल्या आणि उठल्या.

*

मंगळवार हा दिगंबररावांच्या डायलिसिसचा दिवस. दुपारी दोन ते सहा, घरीच. हेमलताबाईंचे यजमान एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गाड्या सोडायच्या, वेळा नोंदवायच्या, प्रवाशांच्या शिव्या खायच्या, अशी चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी मूत्रपिंडांनी साथ सोडली. खुर्चीशेजारी ते फिकट निळं मशीन उभं होतं. त्यातही राखणच होती.

“आजचं उद्यावर ढकलता येईल का?” हेमलताबाईंनी विचारलं.

“येईल की. पाय सुजतील, रात्री धाप लागेल, बाकी काही नाही. झालं काय?”

त्यांनी आधी घरातलं नेटवर्क बंद केलं. मग मशीन सुरू करून दिलं, स्टूल ओढून समोर बसल्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. हीटरचा आकडा, पंपाचा आकडा, पुन्हा हीटरचा. दिगंबरराव पाच मिनिटं बघत राहिले.

“हेमा, तू माझ्याकडे अशी बघते आहेस जशी मी उशिरा आलेली गाडी आहे.”

मग त्यांनी सांगितलं. घड्याळाचं, मुदतीचं, सगळं. दिगंबररावांना समजायला वेळ लागला नाही.

“म्हणजे आमच्या डेपोतलं घड्याळ कुणी अर्धा तास मागे केलं, तर गाडी अर्धा तास लेट असूनही मी कागदावर ती वेळेवर दाखवणार. आणि स्टँडवरचा माणूस बोंबलत बसणार.”

“तंतोतंत.” चोवीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांना इतकं सोपं उदाहरण सुचलं नव्हतं.

“मग आधी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?”

हेमलताबाईंनी हीटरचा आकडा वाचला. सदतीस. ठीक होता.

“सुमेधच्या आलं होतं.”

“सुमेध? आपल्याकडे जेवायला यायचा तो? तो तर घरच्या अडचणीमुळे सोडून गेला, तू म्हणाली होतीस.”

“खोटं सांगितलं होतं.”

पंपाचा संथ आवाज तेवढा येत होता. त्या बोलत राहिल्या. त्या वर्षी राखणला प्रमाणपत्र मिळणार होतं. परीक्षक बाहेरून येणार होते. सुमेधचं म्हणणं बरोबर असू शकतं, हे त्यांना ऐकताक्षणीच कळलं होतं. म्हणूनच त्या चिडल्या होत्या. नंतर त्याच्या दोन ई-मेल आल्या. त्याही त्यांनी उघडल्या नाहीत.

“कुठे असतो तो आता?” शेवटी दिगंबररावांनी विचारलं.

“ब्रह्मपुरीला. दवाखान्यात मशीनं दुरुस्त करतो म्हणे.”

“मग फोन करू नकोस,” ते म्हणाले. “जा.”

*

नागपूर ते ब्रह्मपुरी अडीच तासांचा रस्ता. दोन्ही अंगांना धानाची कापणी आटोपत आली होती, आणि गावोगावच्या चौकांत झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक लागले होते. हेमलताबाई गाडी चालवताना मनात वाक्यं जुळवत होत्या आणि दर दहा किलोमीटरना ती मोडत होत्या.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. टेबलावर उघडलेला पंप, डाग लागलेलं ॲप्रन, आणि सुमेध. केस कपाळावरून मागे हटले होते. बाकी तोच.

“मॅडम?” तो उभा राहिला. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायला विसरला.

“सुमेध, तुझं बरोबर होतं.” जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही त्यांना आठवलं नाही. “चौथं गृहीतक. तुझं बरोबर होतं, आणि मला तेव्हाच कळलं होतं.”

त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. अहवाल वाचायला मागितला. एक्केचाळीस पायऱ्या त्याने बोटाने एकेक करत वाचल्या. एकोणतिसाव्या पायरीवर बोट थांबलं.

“ही मला सापडली नव्हती,” तो म्हणाला. “मी चौतीस पायऱ्यांनी पोचलो होतो. वेगळ्या वाटेने.”

“तू रागावला नाहीस?”

“रागावलो ना. चांगली चार वर्षं रागावलो.” त्याचा आवाज चढला नाही, पण मऊही झाला नाही. “कंपनीला लिहिलं, तर त्यांनी तुमचं प्रमाणपत्र पाठवलं. यंत्रणा सिद्ध आहे म्हणाले. तुम्हाला लिहिलं. तुम्ही उत्तर दिलं नाही. मग म्हटलं, बोलून होत नसेल तर करून टाकू.”

“काय करून टाकलंस?”

“या.”

डायलिसिसच्या दालनात आठ मशीनं चालू होती. सुमेधने पहिल्याच्या मागे वाकून दाखवलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी करड्या रंगाची डबी तिथे स्क्रूने बसवली होती.

“आत साधा मोजणारा आहे. एक, दोन, तीन, असं पुढेच जातो. त्याला मागे जाताच येत नाही, कारण वेळ किती झाली हे त्याला माहीतच नाही. राखण प्रत्येक तपासणीनंतर त्याला एक ठोका देते. तो दोन सेकंदांत आला नाही, की ही डबी कर्कश ओरडते आणि नळीवरचा चिमटा बंद करते.”

हेमलताबाई डबीकडे बघत राहिल्या. दोन हजार ओळी आणि नऊ गृहीतकांच्या पाठीशी ती उभी होती.

“या आठही मशीनांना आहे?”

“मॅडम, मशीनं दुरुस्त करणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. राज्यभरातले साडेतीनशे जण. पहिली डबी बनवली तेव्हाच नकाशा टाकला होता त्यावर. कारण कुणाला पटलं, कुणाला नाही पटलं. पण वीज जाऊन आली की मशीनं येड्यासारखी वागतात, हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. त्यामुळे बसवत गेले. दवाखान्यातल्या मशीनांत तुम्हाला डबीशिवायचं एक सापडायचं नाही.”

त्या मटकन बाकावर बसल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या रुग्णाने सुमेधला विचारलं, “बाईले चक्कर आली का?”

“नाही काका,” सुमेध म्हणाला. “बरं वाटतंय त्यांना.”

*

उरली ती घरची मशीनं. सहाशे अकरा. तिथे दुरुस्त करणारा माणूस क्वचितच जायचा, त्यामुळे डबी नव्हती.

पुढचे पाच दिवस हेमलताबाईंच्या संस्थेतल्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर आल्या. सुमेध रजा टाकून आला. त्याच्या ग्रुपमधल्या माणसांनी जिल्हे वाटून घेतले आणि घरोघर जाऊन डब्या बसवायला सुरुवात केली. जिथे लगेच जाता येणार नव्हतं तिथे फोन: डायलिसिस सुरू करण्याआधी नेटवर्क बंद करा, संपल्यावर चालू करा, आमचा माणूस बुधवारच्या आत येतो. कंपनीने आधी कुरकुर केली. हेमलताबाईंनी आपल्या सहीने स्वतःचं प्रमाणपत्र मागे घेतल्याचं पत्र पाठवलं, तेव्हा तिचेही चाळीस जण कामाला लागले.

दुरुस्त केलेली राखण शनिवारी ‘पारख’कडे गेली. या वेळी उत्तर आलं: सिद्ध. हेमलताबाईंनी सुस्कारा टाकला. सुमेधने खुर्ची पुढे ओढली.

“गृहीतकं किती?”

“सात.”

“वाचा मोठ्याने.”

त्या एकेक वाचत गेल्या, तो एकेकावर हरकत घेत गेला, आणि चार तासांनी दोघांनीही मान्य केलेली पाच उरली. प्रबंधाच्या दिवसांत आपण हे असं करायला हवं होतं, असं दोघांच्याही मनात आलं असणार.

पण एक प्रश्न हेमलताबाईंच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. पुढचं सावरलं, मागचं काय? गेल्या तेरा वर्षांत त्या एक्केचाळीस पायऱ्या कधी प्रत्यक्षात घडल्या होत्या का? प्रत्येक मशीनची जुनी नोंद जिल्हा केंद्रात साठवलेली होती. ‘पारख’ त्यातून तो क्रम हुडकू शकत होती. रविवारी त्यांनी ते काम तिच्यावर सोपवलं आणि सोमवारी दुपारी यादी आली.

सात वेळा.

सहा दवाखान्यांतल्या होत्या. सुमेधने त्या त्या ठिकाणी फोन लावले. सहाही ठिकाणच्या वह्यांत एकच नोंद निघाली: डबी वाजली, मशीन बदललं, रुग्ण ठीक.

सातवं मशीन घरचं होतं. वरूड. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, दुपारचे सव्वातीन. रुग्णाचं नाव चंद्रभागा तायवाडे, वय छप्पन्न. वीज गेली, आली, घड्याळ सव्वीस मिनिटं मागे सरकलं. त्याच सुमाराला हीटर बंद पडला. राखण गप्प. विसाव्या मिनिटाला मशीन थांबलं. त्यानंतर त्या मशीनची एकही नोंद नव्हती. पुढच्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही, कधीच नाही.

डायलिसिसवरचं माणूस मशीन कधी कायमचं सोडतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मी करू फोन?” सुमेधने विचारलं.

“नाही. हा माझा आहे.”

नोंदीत घरचा नंबर होता. तो अजून चालू असेल का, असला तर कोण उचलेल, मुलगा, सून, नवरा, आणि त्यांना नेमकं काय सांगायचं? हेमलताबाईंनी नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवून सुमेधलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. सहा वेळा वाजला. सातव्यांदा कुणीतरी उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज.

“कोन बोलते?” बाईचा खणखणीत आवाज.

“नमस्कार. मी नागपूरहून बोलते. चंद्रभागाबाई तायवाडे यांच्या घरी लागला का फोन?”

“हो. बोला ना.”

“त्यांच्या… त्यांच्याविषयी जरा विचारायचं होतं. आपण त्यांच्या कोण?”

“कोन म्हंजे? मीच हावो चंद्रभागा.”

सुमेध खुर्चीवरून अर्धवट उठला होता, तो तसाच राहिला.

“हॅलो? आवाज येते का?”

“येतो. येतो, बाई.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “तुमच्याकडे डायलिसिसचं मशीन होतं…”

“ते तं कवाचीच वापस केली. नणंदेनं किडनी देल्ली ना मले. आता कायची मशीन!”

“त्याच्या आधी, एका दुपारी लाइन गेली होती. मशीन बिघडलं होतं. आठवतं?”

“आठवते ना. लाइन आली, मशीन चालू, दिवे हिरवे, सारं बरोबर दिसे. पन मले भर उन्हाळ्यात थंडी वाजाले लागली. दात वाजत होते माये. सून म्हने, मशीन तं काही सांगत नाही, ठीकच असन. मी म्हटलं, मशीन नसन सांगत, मायं अंग सांगून राह्यलं. दाबलं बटन आन केली बंद. शिकवाले आली होती ते नर्सबाई, तिनं दाखवून ठेवलं होतं. मंग दवाखान्यातच जात गेलो दोन महिने. पुन्हा नाही बसलो तिच्यावर.”

सुमेधने तोंडावर हात धरला होता. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, सांगता आलं नसतं.

“पन तुमी कोन?” पलीकडून विचारणा झाली.

हेमलताबाईंनी श्वास घेतला. “त्या मशीनमध्ये तुमच्यावर लक्ष ठेवणारा एक भाग होता. तो मी बनवला होता. त्या दिवशी तो चुकला. एका विद्यार्थ्याने मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी होती. तेच सांगायला फोन केलाय.”

पलीकडे कोंबड्यांना हुसकावल्याचा आवाज आला.

“दीड वर्स त्याच मशीननं जगवलं ना मले,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “एक दिवस चुकली. मी होतो ना तिथं.” मग जरा थांबून, “तो पोरगा कुठं हाये आता? सांगनारा?”

“इथेच आहे. समोर बसलाय.”

“मंग ऐकत जा त्याचं,” त्या म्हणाल्या, आणि सुनेला कसलीशी हाक मारत त्यांनी फोन ठेवून दिला.

सुमेधने यादी पुढे ओढली. सातव्या ओळीपुढचा रकाना रिकामा होता. तिथे त्याने लिहिलं: रुग्ण ठीक. मग दोघांनी मिळून निवेदनाचा मसुदा काढला आणि वर पहिलं नाव सुमेध ढोक असं घातलं. त्याने ते खोडायला हात पुढे केला. हेमलताबाईंनी कागद उचलून घेतला.

“हे प्रकरण काढायचं नाही,” त्या म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा त्यांना कडकडून भूक लागली.